भाव उतरतात, बंदुका उरतात

ओबामांच्या काळात अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांत एक थट्टा हमखास चालायची: यंदाचा सर्वोत्तम विक्रेता कोण, तर बराक ओबामा. बंदुकांच्या काही प्रकारांवर निर्बंध यावेत, ही त्यांची उघड भूमिका होती. तरीही बंदूक घेण्यापूर्वी होणाऱ्या केंद्रीय पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या 2008 मध्ये सुमारे 1 कोटी 27 लाख होती, ती 2016 मध्ये 2 कोटी 75 लाखांवर गेली. पुढे बंदूकधारकांचे पाठीराखे म्हणवणारे डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी स्मिथ अँड वेसन व स्टर्म रुगर या कंपन्यांचे शेअर दहा टक्क्यांहून अधिक आपटले. मित्र सत्तेवर आला की धंदा बसतो आणि विरोधक आला की गल्ला भरतो, असा हा बाजार आहे.

असे का होते, याची गेल्या चाळीस वर्षांत भरपूर उदाहरणे जमली आहेत. ती एकत्र पाहिली की राजकीय भीती पुरवठा आणि भाव कसा हलवते, हे कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भीती ओसरल्यावर मागे काय राहते, हेही दिसते.

आधी मोजपट्टीबद्दल. अमेरिकेत दरवर्षी किती बंदुका विकल्या जातात, याची सरकारी नोंद नाही. मालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायलाच 1986 च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून 1998 पासून सुरू असलेल्या पार्श्वभूमी तपासणीच्या आकड्यांवर सगळे विसंबतात. हा आकडा म्हणजे विक्री नव्हे. एका तपासणीवर दोन बंदुका घेता येतात, अनेक राज्यांत खासगी व्यवहाराला तपासणीच लागत नाही, आणि केंटकीसारखे राज्य परवानाधारकांची दरमहा फेरतपासणी करून आकडा फुगवते. तरी बाजाराचा चढउतार टिपायला ही पट्टी पुरेशी आहे.

दोन कायदे, दोन धडे

1986 च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. 19 मे 1986 नंतर बनलेली मशिनगन सामान्य नागरिकाला बाळगता येणार नाही, असे त्याने ठरवले. आधीच्या, नोंदणी झालेल्या बंदुका मात्र हस्तांतरित करता येतात. अशा बंदुका सुमारे पावणेदोन लाख आहेत आणि त्यांत एकीचीही भर पडत नाही. त्यामुळे तेव्हा हजार-पाऊणहजार डॉलरच्या घरात मिळणारी स्वयंचलित एम-16 आज पंचवीस-तीस हजार डॉलरच्या खाली मिळणे कठीण. पुरवठा खरोखरच बंद झाला आणि मागणी उरली, की भाव चढतो आणि चढलेलाच राहतो.

दुसरा धडा 1994 चा. 13 सप्टेंबर 1994 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनांवर दहा वर्षांची बंदी आणली. विधेयकाची चर्चा बराच काळ चालली होती आणि बंदीपूर्वी बनलेल्या मालाला सूट होती. कारखान्यांनी त्याचा अर्थ बरोबर ओळखला. अभ्यासक ख्रिस्तोफर कोपर आणि जेफ्री रॉथ यांनी बंदी लागू होणाऱ्या प्रमुख प्रकारांचे उत्पादन मोजले. 1989 ते 1993 या काळात ते वर्षाला सरासरी 91 हजार होते. एकट्या 1994 मध्ये ते 2 लाख 4 हजारांवर गेले. भाव पन्नास टक्क्यांपर्यंत वधारले, कारण पुढे या वस्तू दुर्मीळ होऊन सोन्याच्या भावाने विकल्या जातील, असा व्यापाऱ्यांचा आणि संग्राहकांचा होरा होता. बंदी प्रत्यक्ष लागू झाली तेव्हा बाजारात इतका माल साठला होता की भाव पुन्हा खाली आले. मॅगझिनांचे तर विचारूच नका. बंदीपूर्वी बनलेली सुमारे 48 लाख मॅगझिने 1995 ते 2000 या काळात बाहेरून कायदेशीरपणे आयात झाली.

या दोन घटनांमधला फरक ध्यानात घ्यायला हवा. मशिनगनच्या बाबतीत दार खरोखर बंद झाले. 1994 मध्ये दार बंद होणार अशी दवंडी पिटली गेली आणि मधल्या वेळात गोदामे भरली. आपल्याकडे कांद्याच्या निर्यातबंदीची नुसती कुजबुज झाली, तरी अधिसूचना निघण्याआधीच लासलगावात भाव पडतो. इथे दिशा उलटी, पण यंत्रणा तीच: बाजार निर्णयावर थांबत नाही, निर्णयाच्या चाहुलीवर चालतो.

चाहुलीचे दशक

नोव्हेंबर 2008 मध्ये ओबामा निवडून आले. त्या महिन्यात 15 लाखांहून अधिक तपासण्या झाल्या. आधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरपेक्षा 42 टक्के जास्त. नव्या अध्यक्षांनी अजून शपथही घेतली नव्हती. अर्थशास्त्रज्ञ एमिलिओ देपेत्रिस-शोवें यांनी पुढे या काळाचा अभ्यास करून दाखवले, की ओबामांच्या विजयाची शक्यता वाढत गेली तशी बंदुकांची मागणीही वाढली होती. 2009 उजाडला तो काडतुसांची टंचाई घेऊनच. संसदेत बंदुकांवरचा एकही मोठा कायदा झाला नाही. उलट त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांत बंदूक नेण्यावरची बंधने सैल झाली.

खरी लाट आली ती 14 डिसेंबर 2012 नंतर. कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत वीस लहान मुले आणि सहा कर्मचारी मारले गेले. योगायोग असा, की बंदूक उद्योगाच्या मुख्य व्यापारी संघटनेचे कार्यालय तेव्हा त्याच गावात होते. देश हादरला आणि कायदा होणार असे वातावरण तयार झाले. त्याच महिन्यात जवळपास 28 लाख तपासण्या झाल्या. तोवरचा तो विक्रम होता. एआर-15 बंदुकीचे तीस गोळ्यांचे प्लास्टिकचे मॅगझिन एरवी बारा-पंधरा डॉलरला मिळायचे, ते ऑनलाइन लिलावात पन्नास-साठ डॉलरला जाऊ लागले. काही मोठ्या दुकानांनी लोकभावना ओळखून या बंदुकांची विक्री थांबवली. हेतू चांगला होता, पण मागणी टिपेला असताना विक्रेते कमी झाले आणि टंचाई अधिकच घट्ट झाली.

एप्रिल 2013 मध्ये सिनेटमध्ये दोन्ही प्रस्ताव पडले. पार्श्वभूमी तपासणी वाढवण्याच्या बाजूने 54 मते पडली. लागत होती 60. लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या बंदीला 40 मते मिळाली. कायदा झाला नाही. कारखान्यांनी मात्र 2013 मध्ये एक कोटी आठ लाखांहून अधिक बंदुका बनवल्या.

कोलोराडो राज्याने त्याच वर्षी पंधरापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनांवर बंदी आणली आणि 1 जुलै ही तारीख ठरवली. मॅगपुल ही मॅगझिने बनवणारी कंपनी तेव्हा त्याच राज्यात होती. आपण राज्य सोडू, असा इशारा तिने दिला होता. जाण्याआधी तिने कोलोराडोच्या ग्राहकांना मालाचा अग्रक्रम दिला आणि जूनअखेर ग्लेनडेल इथल्या मैदानावर निरोपाचा मेळावा भरवून मॅगझिने विकली, काही फुकटही वाटली. तारीख सरकारने ठरवली होती. जाहिरात आपोआप झाली.

सर्वात स्वस्त गोळीची गोष्ट

या भीतीचे सर्वात विचित्र फळ म्हणजे पॉइंट 22 गोळीचा दुष्काळ. ही अमेरिकेतली सर्वात साधी गोळी. बापाने मुलाला नेम शिकवायचा तो हिच्यावर, खारी आणि ससे मारायचे ते हिनेच. पाचशे-साडेपाचशे गोळ्यांचा खोका वीस डॉलरच्या आसपास मिळायचा. म्हणजे एक गोळी चार सेंटला. हिच्यावर बंदी घालण्याचा विचार कोणत्याही विधेयकात नव्हता.

तरी 2013 पासून पुढची दोन-तीन वर्षे ती दुकानांतून गायब होती. वॉलमार्टने एका ग्राहकाला दिवसाला तीन खोकी अशी मर्यादा घातली. कोणत्या वारी कोणत्या दुकानात माल उतरतो, हे ओळखून लोक पहाटे दाराशी उभे राहू लागले. घेतलेले खोके शनिवार-रविवारच्या बंदूकमेळ्यात दुप्पट-तिप्पट भावाने विकणारी एक जमातच तयार झाली.

असे का झाले? मोठ्या गोळीत स्फोटक टोपी, म्हणजे प्राइमर, वेगळी बसवलेली असते. रिकामे कवच घरी पुन्हा भरता येते. पॉइंट 22 मध्ये ठिणगी टाकणारे मिश्रण कवचाच्या कडेत आत फिरवून बसवतात. त्यामुळे ती घरी भरता येत नाही आणि तिच्यासाठी स्वतंत्र यंत्रे लागतात. अशी यंत्रे असलेले कारखाने अमेरिकेत मोजकेच. ते तिन्ही पाळ्यांत आधीपासून चालू होते. दर गोळीमागे नफा इतका थोडा की दोन वर्षांच्या झुंबडीसाठी कोट्यवधी डॉलरचा नवा विभाग कोणी उभारत नव्हते. उत्पादन घटले नव्हतेच. एरवी एक खोका घेणारा माणूस फळीवर दिसेल तेवढे उचलू लागला, इतकेच. टंचाईच्या भीतीने टंचाई आणली आणि आलेल्या टंचाईने भीती खरी ठरवली.

अफवांचा कच्चा माल

रिकाम्या फळीला कारण हवे असते. 2012-13 मध्ये ते सापडले: सरकारच गोळ्या विकत घेऊन बाजार कोरडा करते आहे. गृहसुरक्षा खात्याच्या निविदांतले कमाल आकडे जोडून पाच वर्षांत 160 कोटी गोळ्या असा हिशेब फिरत होता. ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ यांनी खरेदीला चाप लावणारे विधेयकही मांडले. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी 2014 मध्ये हिशेब तपासला, तेव्हा खात्याची प्रत्यक्ष खरेदी वर्षाला सरासरी 11 कोटींच्या आत निघाली. शिवाय 2009 नंतर ती कमी होत गेली होती. पण तोवर लोकांनी घरे भरली होती.

मिसुरीतल्या हर्क्युलेनियम गावचा डो रन कारखाना डिसेंबर 2013 मध्ये बंद झाला, तेव्हाही हेच झाले. खनिजापासून शिसे काढणारा देशातला तो शेवटचा मोठा कारखाना. हवेतल्या शिशाची मर्यादा कडक झाल्यावर कंपनीने 2010 मध्येच तो बंद करायचे ठरवले होते. पण ‘मागच्या दाराने बंदी’ अशी हाकाटी उठली. गोळ्यांचे बहुतेक शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून येते, हे सांगणारे थोडे होते.

भीती दर वेळी निराधार असते असेही नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये शस्त्रविषयक केंद्रीय संस्थेने एम-855 या हिरव्या टोकाच्या रायफल-गोळीची सूट काढण्याचा प्रस्ताव खरोखर मांडला. गोळी काही दिवसांत फळीवरून उठली आणि भाव झपाट्याने चढले. ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या आणि मार्चमध्ये प्रस्ताव मागे पडला. महिन्याभरात एक वस्तू दुर्मीळ झाली, महागली आणि परत मुबलक झाली. कायदा एका शब्दाने बदलला नाही.

कारखानदाराची कोंडी

एवढी मागणी असेल तर कारखाने का वाढवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर 2017 मध्ये मिळाले. हिलरी क्लिंटन जिंकतील या हिशेबाने कंपन्यांनी आणि घाऊक व्यापाऱ्यांनी माल भरून ठेवला होता. 2016 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 15 लाख बंदुका बनल्या. जिंकले ट्रम्प. भीती संपली आणि गिऱ्हाईकही संपले. पुढच्या वर्षी उत्पादन 83 लाखांवर आले. स्मिथ अँड वेसनच्या मूळ कंपनीची विक्री एका आर्थिक वर्षात 90 कोटी डॉलरवरून सुमारे 61 कोटींवर घसरली. दुकानांत सवलतींचे फलक लागले. 1816 पासून चालत आलेल्या रेमिंग्टनने मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलै 2020 मध्ये पुन्हा.

हा दुसरा अर्ज आला तेव्हा बाहेर इतिहासातली सर्वात मोठी खरेदी चालू होती. करोना, पोलिसांविरुद्धची निदर्शने आणि दंगली, आणि अध्यक्षपदाची निवडणूक असे तिन्ही एकत्र आले. मार्च 2020 मध्ये 37 लाख तपासण्या, वर्षभरात 3 कोटी 97 लाख, मार्च 2021 मध्ये तर एका महिन्यात 47 लाख. व्यापारी संघटनेच्या अंदाजाने 2020 मध्ये 84 लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने सोबत दोन खोकी घेतली तरी पुरवठा कोलमडणारच. 9 मिलिमीटरची गोळी वीस सेंटच्या आत मिळायची, ती सत्तर सेंट ते एक डॉलरला जाऊ लागली.

या वेळी खरी अडचण प्राइमरची होती. वाटाण्याहून लहान ही टोपी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या चारच: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. पैकी रेमिंग्टनचा आर्कान्सातला लोनोक इथला गोळ्यांचा कारखाना दिवाळखोरीमुळे थंडावला होता. फेडरल आणि सीसीआयची मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने तो 8 कोटी 14 लाख डॉलरना घेतला. त्याच व्हिस्टाकडे तेव्हा शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या तुंबल्या होत्या. साठा दाबून ठेवल्याचे आरोप इतके वाढले की कंपनीच्या अधिकाऱ्यांनी चालू यंत्रांसमोर उभे राहून चित्रफिती काढल्या. चार प्रमुख प्राइमर-उत्पादकांपैकी तीन एका छताखाली आले, हा त्या वर्षाचा टिकाऊ परिणाम. 2024 मध्ये व्हिस्टाचा हा सगळा काडतूस-व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या युरोपीय उद्योगसमूहाने विकत घेतला.

वॉशिंग्टनबाहेरचे राजकारण

कॅलिफोर्नियात 29 मार्च 2019 रोजी न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मोठ्या मॅगझिनांवरची राज्याची बंदी रद्द ठरवली. निकालाला स्थगिती मिळेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्या आठवड्यात इतर राज्यांतल्या विक्रेत्यांनी रात्रंदिवस माल पाठवला. दहा लाखांहून अधिक मॅगझिने राज्यात आली असा अंदाज आहे. स्थगितीनंतरही त्या काळात घेतलेल्या मालाला न्यायालयाने संरक्षण दिले. इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2023 मध्ये बंदीचे कायदे केले ते मात्र स्वाक्षरी होताच लागू, कारण मुदत दिली की काय होते हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होते.

परराष्ट्र धोरणाचाही भावावर हात आहे. 1994 मध्ये चिनी बंदुका आणि गोळ्यांची आयात थांबली. ऑगस्ट 2021 मध्ये अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल रशियावर निर्बंध आले आणि तुला आणि बर्नाऊल या शहरांतल्या पोलादी कवचाच्या स्वस्त गोळ्यांचा झरा आटू लागला. एके-47 धाटणीची बंदूक स्वस्तात चालवता येते, हे गृहीतकच त्यामुळे मोडले. पुढे युक्रेन युद्धाने बंदुकीच्या दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज तोफगोळ्यांकडे वळवले.

या सगळ्यात एक अनपेक्षित लाभार्थी आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के, तर पिस्तुलांवर 10 टक्के उत्पादन शुल्क लागते आणि ते वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळते. 2020 च्या लाटेनंतर ही रक्कम वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली.

मागे काय राहते

तोट्याची बाजू फिलिप लेव्हिन आणि रॉबिन मॅकनाइट या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. सँडी हूकनंतरच्या काही महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे 30 लाख जास्त बंदुका विकल्या गेल्या. ‘बंदूक साफ कशी करावी’ यासारखे इंटरनेटवरचे शोधही वाढले. म्हणजे कपाटातल्या जुन्या बंदुकाही बाहेर निघाल्या होत्या. त्याच काळात अपघाताने गोळी लागून नेहमीपेक्षा साधारण 60 माणसे जास्त मेली. त्यांत 20 मुले होती.

इतर देशांत कसे घडले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झाले. सहाव्या दिवशी बंदीचा आदेश निघाला आणि त्याच दिवशी लागू झाला. कॅनडाने 1 मे 2020 रोजी बंदुकांच्या सुमारे दीड हजार प्रकारांवर असाच तत्काळ आदेश काढला. पण 2022 मध्ये पिस्तूलविक्री गोठवण्याची घोषणा मेमध्ये केली आणि अंमल ऑक्टोबरमध्ये; मधल्या महिन्यांत पिस्तुलांसाठी रांगा लागल्या. भारतात हा खेळ रंगतच नाही. परवान्यावर शस्त्र कोणते आणि काडतुसे किती हे लिहिलेले असते, आणि खडकी-वरणगावचे कारखाने सरकारी आहेत. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली, तेव्हा जास्तीचे शस्त्र जमा करायला लोक गेले. विकत घ्यायला धावण्याची सोयच नव्हती.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. भीतीने चढलेला भाव वर्ष-दोन वर्षांत उतरतो. पण त्या भावाने घेतलेली बंदूक पन्नास वर्षे चालते आणि ती दुकानात परत जात नाही. प्रत्येक लाट साठ्यात भर घालून जाते आणि पुढच्या कायद्याचे काम त्या प्रमाणात अवघड करते. म्हणून मते हाताशी नसताना मांडलेले बंदीचे विधेयक ही त्या मालाची फुकट जाहिरात ठरते, आणि ‘तुमच्या बंदुका काढून घेणार’ ही विरोधकांची आरोळी तिची दुसरी बाजू. दोघांनाही मते आणि देणग्या मिळतात. माल खपतो तो वेगळाच.

1994 ची बंदी आली तेव्हा तिच्या कक्षेतल्या सुमारे 15 लाख बंदुका लोकांकडे होत्या, असा अभ्यासकांचा अंदाज होता. बंदी 2004 मध्ये संपली आणि तशी केंद्रीय बंदी पुन्हा कधी आली नाही. 2022 मध्ये व्यापारी संघटनेने अशा धाटणीच्या रायफलींचा आकडा 2 कोटी 44 लाख सांगितला. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या तंतोतंत सारख्या नाहीत. पण तो फरक सोडला तरी न झालेल्या बंदीने किती बंदुका खपवल्या, हे सांगायला एवढे पुरे.